चावीवाली

नऊ वर्षं ती माझ्या गळ्यात होती,
तरुणसंघाच्या खोलीची चावी. पितळी, दात झिजलेली,
म्झुझूच्या थंडीत छातीला गार लागायची.
वानांगवा हे माझं नाव पोरं विसरलीच होती,
चावीवाली म्हणत.
कीबोर्डची वायर, शिबिराची ताडपत्री,
कुणाची फी, कुणाचा बाप पिऊन दाराशी उभा,
आणि रात्री दोनला तुम्बिकानीचा फोन:
ताई, जागी आहेस?
असायचेच.

मग ऑगस्टचं शिबिर, शेवटची रात्र.
शेकोटीभोवती चाळीस पोरं डोळे मिटून,
आणि मी प्रार्थनेला तोंड उघडलं:
हे स्वर्गातल्या बापा,
माणशी बावीसशे क्वाचा बसभाडं,
दोन पातेली परत द्यायचीत,
मीठ कमी पडलं.
पोरं आमेन म्हणाली,
सवयीनं.
कुणीच हसलं नाही, तेच लागलं मला.

सकाळी पाळकांनी चहा दिला आणि म्हणाले, जा.
कुठे, ते नाही सांगितलं.
चावी मी तेम्वानीला दिली. एकोणीस वर्षांची,
आठवड्यातून दोनदा चप्पल हरवते.

बस घाट उतरून सरोवराकडे निघाली.
रबराच्या झाडांमधून जाताना पोरं खिडकीशी धावतात,
चिकाचे चेंडू विकायला.
बारा द्या, असं म्हणणार होते मी.
बारा चेंडू, एक खेळ, खेळातून एक बोध.
जीभ चावली.
एकच घेतला.
त्यातून कुणाला काही शिकवायचं नव्हतं.

चिंतेचेला न्यालोंग्वे मावशीनं दार उघडलं,
माझ्याकडे नीट पाहिलं, विचारलं काहीच नाही.
कसावाचा गरम गोळा, उसिपाचं कालवण.
खा.
मग चटई अंथरून म्हणाली, नीज.
जाग आली तेव्हा पुन्हा ताट समोर.
खा. नीज.

त्या दुसऱ्या ताटाशी मला आठवला
वाळवंटात पळून गेलेला तो संदेष्टा,
झुडपाखाली बसून, आता पुरे, मरू दे, म्हणणारा.
कितीदा सांगितली असेल ही गोष्ट मी पोरांना!
आणि दरवेळी कशी घाईनं डोंगरावर न्यायचे त्यांना,
वारा, भूकंप, आग, मग ती हळू वाणी,
घड्याळात पावणेसात, वह्या मिटा.
झुडपाखालची झोप दरवेळी गाळलेली.
दूतानं आधी भाकर भाजली होती.
जाब विचारला नव्हता.
उठवून खायला घातलं, परत झोपू दिलं,
परत खायला घातलं.
मी त्या ओळींवरून नऊ वर्षं चप्पल घालून चालत होते.

तिसऱ्या दिवशी मावशीसोबत मांडवावर उसिपा पसरली.
दूर पाण्यावर चिलटांचा काळा खांब उभा राहिला,
वाकला, विरला.
प्रभू, एवढंच म्हटलं मी.
पुढचं आठवेना.
तोंडात एक चिलट गेलं. थुंकले,
आणि हसू आलं, ते थांबेचना.
मावशी म्हणाली, मासे उलथ, जळतील.
एवढ्या दिवसांत प्रार्थनेसारखं काही घडलं असेल तर तेच,
म्हणजे, मला तरी तसं वाटतं.

शुक्रवारी तेम्वानीचा निरोप:
ताई, चावी सापडत नव्हती, झाडाखाली बसलो.
कीबोर्ड नव्हता. तुम्बिकानीनं सूर धरला, चुकीचा.
सगळे त्याच सुरात गायले.
खाली आणखी एक ओळ: चावी माझ्याच खिशात होती.

उत्तर लिहायला घेतलं: पुढच्या वेळी दुसरी किल्ली...
पुसून टाकलं.
फोन मावशीच्या पिठाच्या डब्यावर ठेवला.

गळ्याशी अजून एक फिका ठसा आहे, बोटाएवढा.
ऊन लागून तो भरेल का, माहीत नाही.
शेजारचा एक नागडा पोरगा चेंडूकडे बघतोय.
त्याचं नावही मी विचारलेलं नाही.
फेकते.
तो पाण्यात उडी घेतो.
परत फेक, म्हणून मी हात वर करते.